जिवाचा नांगर : एका घरातलं प्रकरण

“पाळकसाहेब, आईला तुम्हीच समजवा. केमो नको म्हणते. देवाचं नाव पुढं करून मरायला बसलीय ती.”

ऑक्टोबर २०२३. फोन थोरल्याचा होता. तो वाळूजला एका कंपनीत आहे. मागं मशीनची धडधड चालू होती आणि तो ओरडून बोलत होता, म्हणजे ‘मरायला बसलीय’ हे शेजारच्या कामगारांनीही ऐकलं असणार. मी ‘येतो’ म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की समजवायचं काय हे मलाच ठाऊक नाही. स्वर्गाच्या आशेवर मी वीस वर्षं उपदेश करतोय. पण ती आशा खरी धरून कुणी वागायला लागलं तर त्याला मागं ओढायचं, की वाट मोकळी करून द्यायची?

जे पाळक, मंडळीचे वडील किंवा नुसते घरचे लोक अशा पेचात सापडतील, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय. घरच्यांना विचारून लिहितोय. गावाचं नाव देत नाही, नाती थोडी इकडची तिकडं केली आहेत.

घर आणि आजार

जालना जिल्ह्यातलं गाव. मावशी ७१ वर्षांच्या, विधवा, आरोग्य उपकेंद्रातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. आधी पायी, मग सायकलवर आणि शेवटी लुनावर वाड्यावस्त्या पालथ्या घातलेल्या. अख्खं गाव त्यांना मावशी म्हणायचं, म्हणून मीही. त्या मला चारचौघांत ‘पाळकसाहेब’ म्हणायच्या आणि एकट्यात ‘लेकरा’. बोलणं नोकरीमुळे शुद्ध झालेलं, पण मनातलं बोलताना ‘मपलं-तुपलं’ यायचंच. आजोळ बेथेलचं. नारायण शेषाद्रींनी निजामाच्या मुलखात जालन्याजवळ वसवलेली ती ख्रिस्ती वस्ती. त्यामुळे त्यांचा विश्वास नव्या बाप्तिस्म्याच्या जोशातला नव्हता. घरातल्या जुन्या पितळी तांब्यासारखा, रोजच्या वापरातला होता.

थोरला वाळूजला. धाकटा अडीच एकर कापूस-तूर बघतो. लेक वैजापूर तालुक्यात कॅथलिक घरात दिलेली.

राखीच्या सुमारास अंगाला खाज सुटली, मग डोळे पिवळे झाले. कुणीतरी कावीळ उतरवणारा सांगितला. मावशी म्हणाल्या, “जन्मभर लोकांना तिकडं जाऊ नका म्हणाले, आता मीच जाऊ?” आंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाल्यानंतर एसटी बंद होत्या, त्यात काही दिवस गेले. पोळा झाल्यावर संभाजीनगर गाठलं. स्वादुपिंडाला गाठ, यकृतात पसरलेली. पित्तनलिकेत स्टेंट घातल्यावर कावीळ उतरली. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, केमोनं काही महिने मिळतील, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, कारण मावशींनी तसंच विचारलं होतं. खर्च जनआरोग्य योजनेत बसत होता.

वही

पहिल्या भेटीत मी योहान १४ काढून बसलो, पित्याच्या घरातल्या पुष्कळ जागांचं वचन. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आमेन म्हणाल्या आणि उशाखालून एक वही काढली. लसीकरणाच्या रजिस्टरसारखे पट्टीनं आखलेले रकाने : काम, कुणाकडे, तारीख, शेरा.

“ते मला पाठ हाये लेकरा. तू हे बघ.”

सतरा कामं होती. भिशीचे राहिलेले दोन हप्ते. बांधावरचा कडुलिंब कुणाच्या वाटणीचा, ते दोघा भावांना समोरासमोर सांगणे. सुनेच्या नावे पोस्टात खातं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला, आणि पुढं शेऱ्यात : ‘हयात असल्यास’. कफनाला नवं कापड आणू नये, कपाटात पांढरी साडी आहे. नवव्या ओळीत : ‘थोरला रागावला आहे. बोलणे.’ आणि सोळाव्यात एका वाडीचं नाव, त्यापुढं नुसतं ‘१९८३’.

केमोचं विचारलं तर म्हणाल्या, “जे महिने वाढतील त्यातले निम्मे एसटीत आणि ओकाऱ्यात जायचे. मला ह्या वहीला दिवस पाहिजेत.” थोडं थांबून म्हणाल्या, “आणि पोरांचे खाडे, गाडीभाडं, तेही डोक्यात हाये. नाही कशाला म्हणू?”

हे शेवटचं वाक्य वगळलं असतं तर प्रकरण जास्त पवित्र दिसलं असतं. पण माणसाचा निर्णय एका धाग्याचा नसतो, आणि आपण विश्वासाच्या गोष्टी सांगताना बाकीचे धागे कापून टाकतो. मला शोधायचं होतं ते एवढंच, की ही आशा आहे की जिवाचा कंटाळा. कंटाळलेलं माणूस रकाने आखत बसत नाही, असं मला वाटलं. पण मी पाळक आहे, मनाच्या आजाराचा डॉक्टर नाही. म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टरांनाच विचारलं. ते त्यांच्याशी एकटीशी बराच वेळ बोलले. उदासीनतेचा आजार दिसत नाही, निर्णय त्यांचा त्यांनी घेतलाय, असं ते म्हणाले. शुद्धीतल्या सज्ञान माणसाला उपचार नाकारता येतो, हे सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालातही आहे. कॅथलिक शिकवणीतही, लाभ थोडा आणि जाच फार असा उपचार न घेणं ही आत्महत्या धरत नाहीत. व्हॅटिकननं १९८० मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. हे सगळं मी थोरल्याला सांगितलं. त्याला काही पटलं नाही. पुढं मावशींनी त्याच्यासमोर वही उघडून नववी ओळ दाखवली, तेव्हा तो ओट्यावर जाऊन बसला आणि उशिरा आत आला. त्यानंतर केमोचा विषय त्यानं काढला नाही.

दोन दिवस मात्र वाया गेले. शहरातून प्रार्थना करणारे काही जण आले होते. त्यांनी वही बघितली आणि म्हणाले, हा अविश्वास आहे, मरण तोंडातून काढायचं नाही, बरी झालेच म्हणायचं. चंगाईसाठी मीही प्रार्थना करतो, याकोबाच्या पत्रात आहे तसं तेल लावून करतो. पण त्या लोकांनी एका बाईला तिच्या सगळ्यात मोठ्या आशेबद्दल घरात बोलायची चोरी केली. मावशींनी वही गादीखाली दडवली. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर म्हणाल्या, “काहून रे, देवाच्या घरी जायचं म्हणलं तर देवाचेच लोक घाबरतात?”

माझी चूक

धाकटा रडायचा. गोठ्यात, न्हाणीत, ट्रॅक्टरवर. एकदा मी आलो तेव्हा तो दाराशी उभं राहून रडत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “ख्रिस्ती माणसानं असं रडायचं नसतं. आई प्रभूकडे चाललीय.” त्यानं लगेच डोळे पुसले. मला वाटलं, काम झालं.

अकरा दिवस तो आईच्या खोलीत आला नाही. चहा दारातून आत सरकवायचा.

बाराव्या दिवशी मावशींनी मला बोलावून घेतलं. “तुमच्या बायबलातून ‘येशू रडला’ काढून टाकलंय का, पाळकसाहेब?” एकटे होतो तरी ‘पाळकसाहेब’ म्हणाल्या, तेव्हाच कळलं की रागावल्यात. पौल थेस्सलनीकेकरांना लिहितो की आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका. मी त्यातलं ‘खेद करू नका’ एवढंच त्या पोराच्या हातात दिलं होतं. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी उभं राहून, त्याला आता जिवंत उठवणार हे ठाऊक असताना येशू रडला. खात्री आणि रडू त्याच्या एका छातीत मावले होते. मी ते एका शेतकरी पोराला नाकारलं, कारण त्याच्या रडण्यापुढं काय करावं ते मला सुचत नव्हतं. मी गोठ्यात जाऊन त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “बसा की.” आम्ही बैलापाशी बसलो, बोललो काहीच नाही.

त्या संध्याकाळी तो आत आला. मावशींनी त्याला इब्रीकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचायला लावला. आशा ही आपल्या जिवाचा नांगर आहे, तो अचल आहे, पडद्याच्या आत पोहोचतो, अशी ओळ आली. तो थबकला. म्हणाला, “नांगर पडद्याच्या आत कसा जाईल?” त्याच्या डोळ्यांपुढं शेतातला नांगर. मूळ ग्रीक शब्द जहाजाच्या नांगराचा, समुद्राच्या तळाशी रुतून गलबत धरून ठेवणाऱ्या लोखंडाचा. मी ते सांगायला तोंड उघडलं. मावशींनी बोटानं थांबवलं आणि त्यालाच विचारलं, “तू रान कधी नांगरतो?”

“चैत-वैशाखात.”

“तेव्हा पाऊस असतो?”

“छ्या. ढेकळं भाजतात.”

“मग कशाच्या भरवशावर नांगरतो?”

तो काही बोलला नाही. त्या साली ऑगस्ट अख्खा कोरडा गेला होता, भरवशाचं त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. शास्त्राच्या अर्थानं हे चूकच आहे, मी ते उपदेशात सांगणार नाही. जहाजाचा नांगर स्वर्गात टाकलेला आहे, दोर आपल्या हातात आहे, हाच त्या ओळीचा अर्थ. पण ज्या मुलखात समुद्र कुणी बघितला नाही तिथं भाषेनं दोन्ही वस्तूंना एकच नाव दिलंय, आणि त्या रात्रीपासून धाकटा आईच्या खोलीत झोपायला लागला.

खात्री कशाची

लेकीच्या सासूबाई भेटायला आल्या होत्या, देवभोळ्या, हातात रोझरी. मावशी ‘मी तिथं जाणार’ म्हणाल्या तसं त्या कचरल्या. “असं ठाम म्हणू नये ओ विहीणबाई. गर्व होतो.”

हा वाद जुना आहे. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेनं १५४७ मध्ये म्हटलं, की देवानं खास प्रकट केल्याशिवाय आपण शेवटपर्यंत टिकणारच असं कुणी निःसंशय धरू नये. आशा जरूर धरावी, पण गृहीत धरणं पाप. प्रॉटेस्टंट बाजूनं वेस्टमिन्स्टरचा विश्वासलेख, १६४६ चा, म्हणतो की विश्वासणाऱ्याला खात्री मिळू शकते. पण तोच लेख पुढं हेही म्हणतो, की ती यायला फार वेळ लागू शकतो आणि आलेली डळमळूही शकते. १९९९ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला लुथरन, म्हणजे प्रॉटेस्टंटांतला एक पंथ, आणि कॅथलिकांनी मिळून जे घोषणापत्र काढलं, त्यात या खात्रीवर वेगळा भाग आहे. त्याचा रोख असा, की स्वतःकडे बघितलं तर काळजी वाटणारच, भरवसा ख्रिस्ताच्या वचनावर ठेवायचा. म्हणजे दोन विहिणींमध्ये अंतर होतं, पण बाजेच्या दोन कडांएवढंच.

मावशींनी यातलं काही वाचलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “घरकुलाच्या यादीत नाव हाये का ते बघायला आपण ग्रामपंचायतीत किती खेटे घालतो? सरपंच बदलला की नाव उडतं. ही यादी तशी नाही. मपल्या कामावर नाव चढलं असतं तर मीच खोडलं असतं.” विहीणबाई हसल्या. मग दोघींनी मिळून ‘आमच्या बापा’ म्हटलं, शब्द थोडे वेगवेगळे पडले.

चुलत दिराचा मुलगा हसण्यावारी नेणारा नव्हता. मिलिंद महाविद्यालयात शिकलेला, बौद्ध, चळवळीतला. “काकू, ह्यांनी तुम्हाला वरच्या घराचा कागद दिला. खालच्याचं काय? १९५० च्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्याची अनुसूचित जातीची सवलत गेली. शिखांना १९५६ ला मिळाली, आम्हाला १९९० ला. तुमचा नातू अजून बाहेरच. स्वर्ग दाखवून गप्प बसवलं तुम्हाला.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याचं म्हणणं पुष्कळसं खरं आहे. उद्याच्या महालावर बोलून आजच्या गळक्या पत्र्याकडे डोळेझाक करणारे उपदेश मी ऐकलेत, एक-दोन केलेतही. मावशींनी त्याला विचारलं, “तुझ्या आईची बाळंतपणं कुणी केली? तुझ्या वेळी ओढ्याला छातीभर पाणी होतं. मला पोहता येत नाही. बुडाले तरी कुठं जाते ते ठाऊक होतं, म्हणून उतरले. गप्प बसले का मी?” मग वही ओढली. “सवलतीचं बोलतोस ते मात्र बरोबर हाये.” अठरावं काम लिहिलं : नातवांच्या सवलतीसाठी भांडणे. ‘कुणाकडे’च्या रकान्यात त्याचंच नाव घातलं आणि वही त्याच्यापुढं सही करायला धरली. त्यानं केली.

सोळावी ओळ

डिसेंबर १९८३. त्या वाडीतल्या एका गरोदर बाईला धनुर्वाताचं दुसरं इंजेक्शन नोव्हेंबरात द्यायचं होतं. वाडी दूर, चढाची. मावशींनी दोन वेळा जायचं टाळलं. चर्चमध्ये नाताळच्या गीतांची तालीम चालली होती आणि त्या पेटी वाजवायच्या. नाताळच्या आठवड्यात बाई घरीच बाळंत झाली, नाळ विळ्यानं कापली. चौथ्या दिवशी बाळ दूध ओढेना, अंग ताठ झालं, आठव्या दिवशी गेलं. नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, ते वर्तमानपत्रातलं कात्रण निवृत्त मावशींनी कापून ठेवलं होतं. आता ते वहीत, सोळाव्या ओळीला टाचलेलं होतं.

२६ डिसेंबर २०२३ ला आम्ही त्यांना ओम्नीत मागच्या सीटवर आडवं घालून तिथं नेलं. ती बाईही म्हातारी झालेली, गळ्यात तुळशीची माळ, सुपात शेंगा सोलत बसलेली. मावशी म्हणाल्या, “दुसरी सुई मी दिली नव्हती. तालमीला बसले होते.”

“ठाऊक व्हतं मला.”

शेंगा फुटत राहिल्या. सूप निम्मं झालं असेल. मग मावशी म्हणाल्या, “मी आता चाललेय. तुपलं लेकरू तिथं दिसलं तर काय सांगू?”

म्हातारीचे हात थांबले. “बारसं ऱ्हायलं व्हतं त्याचं,” म्हणाली. उठली, पदरानं हात पुसले आणि वाकून, बारशाला आत्या सांगते तसं, मावशींच्या कानात काहीतरी बोलली.

एका वारकरी घरातल्या, बाप्तिस्मा न झालेल्या बाळाबद्दल शास्त्र काय म्हणतं, यावर आमच्या मंडळ्यांत मतं निघतात आणि माझंही एक आहे. त्या ओसरीवर मी ते काढलं नाही. घरी आल्यावर मावशींनी सोळाव्या ओळीपुढं बरोबरची खूण केली नाही. शेऱ्यात लिहिलं : ‘निरोप घेतला आहे.’

शेवट

जानेवारीत दुखणं वाढलं. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी सांगितली होती, त्या अर्धी मोडून घ्यायच्या. मला वाटलं, दुःख सोसणं पुण्याचं समजत असतील, आणि मी ख्रिस्ताच्या दुःखावर बोलायच्या बेतात होतो. लेकीनं सांगितलं, “गुंगीत ते नाव विसरेल म्हणते.” डॉक्टरांनी समजावलं, की डोस बेतानं वाढवला तर पहिले दोन-चार दिवस झोप येते, मग डोकं बहुतेक ताळ्यावर राहतं, आणि उलट दुखण्यानंच माणसाला काही सुचत नाही. पोट साफ व्हायचं औषध बरोबर दिलं. मग पूर्ण गोळी घेऊ लागल्या. रोज सकाळी डोळे उघडल्यावर ओठ हलायचे. घरच्यांना वाटायचं प्रार्थना.

एक रात्र वाईट गेली. मला दोन वाजता फोन आला. मी पोहोचलो तर त्या उठून बसलेल्या, घामानं भिजलेल्या. “लेकरा, तिथं कुणी नसलंच तर?” एकाहत्तर वर्षांत त्यांच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नसेल, कुणीच नसेल. तोंडाशी दहा वचनं आली, पण अकरा दिवसांचा धडा ताजा होता. म्हणालो, “मी हाये इथं.” लेकीनं पाय धरले, धाकट्यानं गोधडी पांघरली. पहाटे त्यांनी चहा मागितला, साखर जास्त. त्या रात्रीबद्दल नंतर एवढंच म्हणाल्या, की दोर ढिला पडला होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, उजाडताना गेल्या. दफनविधीला गाव लोटलं. कपाटातल्या पांढऱ्या साडीतच त्यांना ठेवलं. धाकटा मोठ्यानं रडला आणि मी त्याच्या शेजारी उभा राहिलो.

माती लोटून झाल्यावर लोक पांगले. कुंपणापाशी ती वाडीची म्हातारी उभी होती, एकटीच एसटीनं आलेली. मी जवळ गेलो तसं तिनं माळेवर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, “शेवटाला शुद्धीत व्हत्या ना? नाव ध्यानात राह्यलं असंल ना?”

“शुद्धीत होत्या,” मी म्हणालो. “रोज सकाळी म्हणायच्या.”